वीज कुठे पडली, हे पाषाणला कसे कळते?



गेल्या अंकात आपण डोंगरातल्या चार वाड्यांसाठी हाताने फिरवायचे भोंगे आणि वसतिगृहाच्या इमारतीसाठी लायटनिंग अरेस्टर घेण्याकरिता मदतीचे आवाहन केले होते. मदत आली, तशी पत्रेही आली. तीन-चार पत्रांत प्रश्न एकच होता : विजेचा इशारा देणारे ‘दामिनी’ नावाचे अ‍ॅप फुकट मिळते, मोबाइल आता घरोघरी आहे, मग भोंग्यावर पैसा कशाला घालायचा? आणखी एक पत्र एका वयोवृद्ध भगिनीचे होते. त्यांनी लिहिले की वीज देवाच्या हातात आहे, तिला भोंगा वाजवून आपण काय अडवणार? दोन्ही प्रश्न मनापासून विचारलेले आहेत. पैसा तुमचा आहे, म्हणून उत्तर देणे आमचे काम आहे. संपादकांनी ते माझ्यावर सोपवले.

आधी घडलेली गोष्ट सांगतो. दोन वर्षांपूर्वी वैशाखात, आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम टोकाला, आपल्या वसतिगृहातल्या एका मुलीची आई हिरडा झोडायला डोंगरात गेली होती. बरोबर तिची जाऊ आणि दोन शेजारणी. दुपारी तीनपर्यंत आभाळ निरभ्र होते. मग पश्चिमेकडून ढग चढला, वारा सुटला, टपोरे थेंब आले. चौघी एका मोठ्या झाडाखाली गेल्या. खोडाला टेकून उभी होती ती गेली. जाऊ पाच-सहा हातांवर बसली होती, ती बेशुद्ध पडली आणि वाचली. उरलेल्या दोघींना काही झाले नाही. घरात मोबाइल होता. तो त्या दिवशी घोडेगावला बाजाराला गेलेल्या मुलाच्या खिशात होता.

मुलगी सुट्टीत घरीच होती. जूनमध्ये वसतिगृहात परत आली, तेव्हा ढग गडगडला की ती कॉटखाली जाऊन बसायची. तिला समजावताना माझ्या लक्षात आले की मला स्वतःलाच काही माहीत नाही. वीज झाडावर का येते, शेजारची बाई का वाचते, आधी कळणे शक्य होते की नाही, यातले काहीच मला सांगता येईना. तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागलो, आणि शोधता शोधता आपल्या पुण्यातच, पाषाणला येऊन पोचलो.

पुण्याचे आणि हवामानाचे नाते जुने आहे. शिवाजीनगरच्या ‘सिमला ऑफिस’ला ते नाव पडले, कारण १९२८ साली हवामान खात्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून तिथे हलवले गेले. पाषाणच्या रस्त्यावर आहे ती भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला सगळे आयआयटीएम म्हणतात. ती १९६२ साली सुरू झाली. मॉन्सूनच्या अभ्यासासाठी ती जगभर ओळखली जाते. पीएच.डी. करणारे विद्यार्थी तिथे असतात, त्यांतले कित्येक सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात नाव नोंदवून संशोधन करतात. विद्यापीठातही वातावरणशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. या संस्थेत ढगांतल्या विजेचा अभ्यास कित्येक वर्षे चालला आहे. अलीकडे त्या कामात डॉ. सुनील पवार यांचे नाव प्रामुख्याने घेतले जाते. असा अभ्यास बराच काळ फक्त शोधनिबंधांत राहतो. हा तसा राहिला नाही.

मोठ्या वळवाच्या ढगाची उंची बारा ते पंधरा किलोमीटर असू शकते. खाली आपण घामाने भिजलेले असतो, आणि त्या ढगाच्या वरच्या भागात बर्फ असतो. बर्फाचे बारीक स्फटिक वर उडत असतात, मऊ गारा खाली येत असतात, आणि दोघांची टक्कर होते. प्रत्येक टकरीत थोडा विद्युतभार एकाकडून दुसऱ्याकडे जातो. हलके स्फटिक धनभार घेऊन ढगाच्या माथ्याकडे जातात, जड गारा ऋणभार घेऊन मध्ये आणि खाली राहतात. हा साठा फार वाढला की हवा तो रोखू शकत नाही. बहुतेक विजा ढगातल्या ढगातच चमकतात. काही खाली येतात. खाली येणारी वीज एका झेपेत येत नाही. सुमारे पन्नास-पन्नास मीटरच्या टप्प्यांनी, फाटे फोडत येते. ती जमिनीजवळ आली की जमिनीवरच्या उंच वस्तूंतून, म्हणजे झाडाच्या शेंड्यातून, घराच्या कोपऱ्यातून, मोकळ्या वावरात उभ्या माणसाच्या डोक्यातूनही, भार वर झेपावतो. जो आधी गाठ घालतो, त्याच्यातून वाट पूर्ण होते. त्या वाटेवरची हवा क्षणभर सुमारे तीस हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापते, सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट. इतकी तापलेली हवा फुटल्यासारखी फाकते, तोच कडकडाट.

आता पाषाणला हे कळते कसे? तुमच्याकडे जुना रेडिओ असेल तर आठवा : वीज चमकली की रेडिओत खरखर यायची. प्रत्येक वीज प्रकाशाबरोबर रेडिओलहरीही फेकते, आणि त्या शेकडो किलोमीटर जातात. आयआयटीएमने ही खरखर पकडणारी यंत्रे, म्हणजे सेन्सर, ठिकठिकाणी बसवले. सुरुवात आपल्या महाराष्ट्रापासून झाली. २०१४ मध्ये राज्यात असे वीस सेन्सर लागले. पुढे जाळे देशभर पसरले आणि सेन्सरांची संख्या ८३ वर गेली. प्रत्येक सेन्सरमध्ये उपग्रहाशी जुळवलेले अत्यंत अचूक घड्याळ असते.

समजा जव्हारच्या डोंगरात वीज पडली. तिची लहर एका सेन्सरला आधी पोचेल, दुसऱ्याला थोडी नंतर, तिसऱ्याला आणखी नंतर. लहर सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावते, म्हणून हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका किंवा त्याहूनही लहान असतो. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात ती फक्त तीनशे मीटर जाते. घड्याळे तेवढी बारीक असली तर उलटा हिशेब मांडता येतो : इतक्या फरकाने ज्या सेन्सरांना ती ऐकू आली, ती नेमकी कुठून निघाली असेल? उपासनेच्या वेळी गावात दोन-तीन ठिकाणी बसलेल्या माणसांनी एकच फटाका ऐकावा आणि कोणाला कधी ऐकू आला त्यावरून तो कुठे फुटला हे ओळखावे, तसाच हा प्रकार. चार-पाच सेन्सरांनी एकच वीज ऐकली की सगळी माहिती पुण्याच्या संगणकात एकत्र येते आणि जागा काही शे मीटरांच्या फरकाने सापडते. वीज ढगातली की जमिनीवर पडलेली, हेही लहरीच्या आकारावरून बऱ्याच अंशी ओळखता येते. त्याचा मोठा उपयोग होतो, कारण वादळ वाढू लागते तेव्हा सहसा आधी ढगातल्या विजांची संख्या झपाट्याने वाढते आणि जमिनीवरच्या विजा त्यानंतर काही मिनिटांनी सुरू होतात.

या जाळ्यावर ‘दामिनी’ चालते. मोबाइलवर नकाशा दिसतो, त्यावर तुमच्या जागेभोवती वीस आणि चाळीस किलोमीटरची वर्तुळे. गेल्या काही मिनिटांत जिथे जिथे वीज पडली तिथे रंगीत ठिपके उमटतात. ताजी वीज एका रंगात, पाच-दहा मिनिटांपूर्वीची दुसऱ्या. ठिपके कोणत्या दिशेने सरकतात ते पाहिले की वादळ तुमच्याकडे येते आहे की निघून जाते आहे, हे शाळेतल्या मुलालाही कळते. अ‍ॅप मराठीतही आहे. ज्यांनी अजून घेतले नसेल त्यांनी घ्यावे, पुण्यातल्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्यांनीसुद्धा. आणि हो, मोबाइल वापरल्याने वीज ओढली जाते ही समजूत खोटी आहे. वायरने भिंतीला जोडलेला जुना टेलिफोन असेल तर गोष्ट वेगळी.

असा इशारा किती मोलाचा, ते आकड्यांवरून दिसते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या नोंदीप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात वीज पडून २,८८७ माणसे मेली. त्या वर्षी निसर्गाच्या कोपाने जे ८,०६० मृत्यू नोंदले गेले, त्यांतले एक तृतीयांशाहून अधिक हे. पूर, दरड, उष्माघात यांच्या बातम्या होतात. वीज एकेकाला, कुठल्या तरी बांधावर गाठते, म्हणून बातमी आतल्या पानावर चार ओळींची.

आणि हे मरण उघड्यावर काम करणाऱ्याच्याच वाट्याला जास्त येते. आपल्या भागाचे वर्ष बघा. बाळहिरडा चैत्र-वैशाखात झोडतात. महादेव कोळी घरांत वर्षभराच्या रोख पैशातला मोठा वाटा त्यातून येतो. बी धरायच्या आत तो उतरवावा लागतो, त्यामुळे आज आभाळ आहे, उद्या जाऊ, असे म्हणून चालत नाही. विदर्भात याच सुमारास मोह वेचणे आणि पाठोपाठ तेंदूपाने तोडणे. मग मृगाचा पाऊस, मग भाताची आवणी, तिच्यात सगळे घर इरली घेऊन चिखलात वाकलेले. पुन्हा आश्विनात कापणीच्या वेळी परतीचा पाऊस. अरबी समुद्राची ओल आणि देशावरची तापलेली हवा यांची गाठ पडून दुपारनंतर वादळ उठायचे जे महिने, तेच रानात राबायचे महिने. पुण्यातला नोकरदार त्या वेळी छताखाली असतो.

मग अ‍ॅप असताना भोंगा कशाला? सरळ सांगतो. चारही वाड्यांत आम्ही घरोघर फिरलो. बहुतेक घरांत एक मोबाइल आहे हे खरे. पण तो एकच असतो आणि तो बाहेर जाणाऱ्या पुरुषाबरोबर जातो. बाई, म्हातारे, गुरांमागे गेलेली पोरे यांच्याकडे तो नसतो. दोन वाड्यांत रेंज फक्त खिंडीजवळच्या एका कातळावर येते. लोक त्याला आता ‘टॉवरचा दगड’ म्हणतात. वीज चमकत असताना त्या उघड्या कातळावर चढून अ‍ॅप बघा, असे आम्ही कोणत्या तोंडाने सांगायचे? वादळाच्या आधी वाऱ्याने तार तुटून वीजपुरवठा जातो तो वेगळाच, आणि चार्जिंग नाही म्हणजे फोन नाही. आंध्र प्रदेशात २०१८ च्या एप्रिलमध्ये तिथल्या आपत्ती व्यवस्थापनाने तेरा तासांत ३६,७४९ विजा मोजल्या होत्या. मोजणे आता जमते. मोजलेले रानातल्या बाईच्या कानापर्यंत नेणे हे काम उरते, आणि ते पाषाणच्या संगणकाचे नाही, ते आपल्यासारख्यांचे आहे असे मला वाटते.

अ‍ॅपच्याही मर्यादा आहेत. दूर उठलेले वादळ सरकत येत असेल तर वेळ मिळतो. ढग ताशी तीस किलोमीटरने येतो असे धरा, तर वीस किलोमीटरवरून यायला त्याला चाळीस मिनिटे लागतील. हिरड्याच्या रानातून शाळेच्या पक्क्या इमारतीपर्यंत उतरायला बायकांना साधारण तेवढीच लागतात. म्हणजे हिशेब जेमतेम जुळतो, तोही इशारा लगेच पोचला तर. पण कधी ढग डोक्यावरच वाढतो. तेव्हा पहिली वीज हाच पहिला इशारा, आणि कोणतेही अ‍ॅप काही करू शकत नाही. त्यासाठी कान हवा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजायचे. आवाज तीन सेकंदांत सुमारे एक किलोमीटर येतो. तीस मोजायच्या आत आवाज आला तर वादळ दहा किलोमीटरच्या आत आहे, काम टाकून निघायचे. आणि शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास बाहेर पडायचे नाही. वाडीतल्या बायकांनी घड्याळाविना मोजायची युक्ती स्वतःच काढली. त्या ‘एक हिरडा, दोन हिरडा’ असे मोजतात. मी घड्याळ लावून पाहिले, तीसला फार तर दोन सेकंदांचा फरक.

निघून जायचे कुठे, हा प्रश्न त्याहून अवघड. सुरक्षित जागा दोनच : पक्की इमारत, जिच्यात विजेची वायरिंग, नळ, सळया आहेत आणि वीज पडली तर त्यांतून जमिनीत उतरेल, किंवा पत्र्याचे छत असलेली, काचा बंद केलेली गाडी. कुडाची झोपडी पावसापासून वाचवते, विजेपासून नाही. शेतातला मांडव तर नाहीच. म्हणून वसतिगृहाला अरेस्टर बसवतोय. ती इमारत उंचवट्यावर आहे आणि जून ते ऑक्टोबर मुलांनी भरलेली असते. अरेस्टर वीज अडवत नाही, खाली येणाऱ्या विजेला सोपी वाट देतो : वर दांडा, भिंतीवरून तांब्याची पट्टी, खाली नीट केलेले अर्थिंग. यातले अर्थिंग चुकले तर वरचा दांडा नसलेला बरा, म्हणून ते काम जाणत्याकडूनच करून घेणार आहोत आणि दरवर्षी तपासणार आहोत. त्याचा खर्च त्या रकमेत धरलेला आहे.

आता त्या दिवशी शेजारची बाई का वाचली, ते. वीज थेट अंगावर येऊन मरणारे थोडे असतात. अभ्यासकांच्या अंदाजाने शंभरात तीन ते पाच. झाडावर पडलेली वीज खोडातून उतरताना जवळच्या माणसावर उडी घेते, कारण ओल्या लाकडापेक्षा माणसाच्या अंगातून जाणे तिला सोपे. खोडाला टेकलेली बाई अशी गेली. उरलेली वीज जमिनीत पसरते, आणि सर्वांत जास्त माणसे या जमिनीतल्या वीजप्रवाहाने दगावतात. पाय फाकलेले असतील तर एका पायाखालची जमीन आणि दुसऱ्या पायाखालची जमीन यांत दाबाचा फरक पडतो आणि प्रवाह एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो. गुराचे पुढचे आणि मागचे पाय दीड-दोन मीटर लांब, शिवाय प्रवाह छातीतून जातो. म्हणून झाडाखाली दहा गुरे एकदम पडलेली दिसतात. उघड्यावर अडकलेच तर झाडापासून दूर, पाय जुळवून उकिडवे बसायचे, हात कानांवर, आडवे पडायचे नाही, आणि एकमेकांपासून अंतर ठेवायचे. याने माणूस सुरक्षित होत नाही, धोका थोडा कमी होतो एवढेच. खरा उपाय वेळेत घर गाठणे.

वाड्यांवर बोलताना जुन्या समजुती निघतातच. पायाळू माणसावर वीज पडते, ही त्यांतली सर्वांत पक्की. जन्मताना पाय आधी आले म्हणून पावसात ज्यांना घराबाहेर घालवले गेले, अशी माणसे मला भेटली आहेत. विजेला कोणाच्या जन्माची गोष्ट माहीत नसते. हसून सांगितले की लोक ऐकतात. दुसरी समजूत मात्र जीवघेणी आहे : वीज लागलेल्याला शेणात पुरून ठेवले की अंगातली वीज उतरते. देशाच्या कित्येक भागांत हे अजून केले जाते. वीज लागलेल्याच्या अंगात वीज राहत नाही. त्याला हात लावायला मुळीच भीती नाही. त्याचे हृदय धक्क्याने थांबलेले असते, पुष्कळदा ते आपोआप पुन्हा सुरू होते, पण श्वास सुरू होत नाही आणि त्यामुळे ते दुसऱ्यांदा थांबते. त्या चार-पाच मिनिटांत छाती दाबत राहिले आणि तोंडाने श्वास दिला तर माणूस परत येऊ शकतो. एकाच वेळी अनेकांना लागली असेल तर जो मेल्यासारखा पडला आहे त्याच्याकडे आधी धावायचे. जो कण्हतो आहे तो बहुतेक वाचणार आहे. इतर अपघातांत नेमके उलटे करतात. मग १०८. आपल्या दोन परिचारिका भगिनींनी गेल्या पावसाळ्याआधी चारही वाड्यांत हे उशीवर करून शिकवले.

पुणे लष्करातल्या एका मंडळीने भोंग्याऐवजी आपली जुनी पितळी घंटा देऊ केली. देणगी मनापासूनची होती, आणि वाडीत छोटे प्रार्थनाघर आहेच. तरी भोंगाच घेतला, त्याचे कारण घंटेच्या इतिहासात आहे. युरोपात कित्येक शतके वादळ आले की चर्चच्या घंटा वाजवत. घंटेच्या नादाने विजा फुटतात, असा विश्वास होता. घंटांवर तसे लिहिलेलेही असे. १७८४ साली म्युनिचमध्ये एक पुस्तक निघाले, त्यात हिशेब मांडला होता : तेहतीस वर्षांत ३८६ मनोऱ्यांवर वीज पडली आणि घंटा वाजवणारी १०३ माणसे मेली. गावातली सर्वांत उंच जागा, खाली ओला दोर, आणि तो हातात धरलेला माणूस. तोवर बेंजामिन फ्रँकलिनच्या १७५२ च्या पतंगाच्या प्रयोगाला बरीच वर्षे झाली होती. व्हेनिसच्या सेंट मार्कच्या मनोऱ्यावर पुन्हा पुन्हा वीज पडून तो जळत आला होता, त्यावर शेवटी लोखंडी दांडा बसवला. देवावरचा विश्वास उडाला म्हणून कोणी तो बसवला नाही. पत्र लिहिणाऱ्या भगिनींना मी एवढेच कळवले, आणि त्या मुलीबद्दलही लिहिले. त्यांचे उत्तर मनिऑर्डरीसह आले.

हाताचा भोंगा शाळेच्या पक्क्या खोलीतल्या खिडकीत बसवता येतो, त्याला वीजपुरवठा लागत नाही, आणि वाजवणारा छताखाली राहतो. घंटा आम्ही घेतली आहे. ती रविवारी वाजेल.

व्यवस्था अशी ठरली आहे. एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, दुपारी एक ते सात, घोडेगावात आपला एक कार्यकर्ता ‘दामिनी’चा नकाशा आणि हवामान खात्याचा त्या दिवसाचा इशारा बघत बसेल. चाळीस किलोमीटरवर विजा दिसू लागल्या आणि ठिपके वाड्यांच्या दिशेने येत असतील तर तो चारही ठिकाणी फोन करेल. ज्या दोन वाड्यांत रेंज नाही, त्यांना खालच्या वाडीच्या भोंग्याचा आवाज पोचतो का, हे आम्ही जाऊन पाहिले. एकीत पोचतो. दुसरीत डोंगराची सोंड आड येते. तिथे मधल्या टेपावर एका घरात साधा वायरलेस संच ठेवता येईल का, याची चौकशी चालू आहे. परवानगीचा प्रश्न आहे. तोपर्यंत ती वाडी ‘एक हिरडा, दोन हिरडा’वरच.

भोंगा वाजला आणि वादळ आलेच नाही, असेही होणार. दोन-चार वेळा तसे झाले की लोक उठायचे बंद करतील, ही मला सर्वांत मोठी काळजी वाटते. हिरड्याचा अर्धा दिवस बुडणे म्हणजे मजुरी बुडणे. म्हणून प्रत्येक वेळी भोंगा का वाजला, वीज शेवटी कुठे पडली, हे वहीत लिहून दर रविवारी उपासनेनंतर वाचून दाखवायचे असे ठरले आहे. कोणी विचारले तर कार्यकर्त्याने नकाशाचा फोटो दाखवावा.

शेवटी पैशाची एक गोष्ट, कारण ती माहीत नसल्याने नुकसान होते. वीज पडून मृत्यू झाल्यास वारसांना राज्य सरकारची चार लाख रुपयांची मदत मिळते, गुरे दगावली तर त्यांचीही ठरलेली मदत असते. त्यासाठी तलाठ्याचा पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल लागतो. त्या मुलीच्या घरच्यांनी आईला त्याच संध्याकाळी मातीआड केले. कोणी काही सांगणारे नव्हते, रस्ता पावसाने बंद होता. नंतर अर्ज केला, तो कागदाअभावी अडला तो अडलाच. आता चारही वाड्यांत शाळेच्या भिंतीवर तलाठी, पोलीस पाटील आणि आपल्या कार्यालयाचे क्रमांक रंगाने लिहून घेतले आहेत.

मुलगी आठवीत आहे. वसतिगृहात गडगडाट झाला की लहान मुलींना गोळा करून आकडे मोजायला तीच लावते. भोंगा कोणी फिरवायचा याची यादी आम्ही करत होतो, तेव्हा आपल्या वाडीसाठी सुट्टीतल्या दिवसांत तिने स्वतःचे नाव लिहिले, आणि खाली तिच्या काकूचे, जी त्या दिवशी वाचली होती.